कुर्ता-ब्लाउजसाठी कापड ओळखायचं कसं? (केंब्रिक, पॉपलीन, रूबिया, रेयॉन, खण)

शिकाऊ_शिंपीण

परकर, अभ्रे आणि साधा सरळ कुर्ता इथपर्यंत शिवण जमते. अडतं ते कापड घेताना. दुकानात गेलं की केंब्रिक, पॉपलीन, मलमल, टू बाय टू, चौदा केजी, सॅटिन कॉटन, लिनन अशी नावं कानावर पडतात आणि सगळंच ‘प्युअर कॉटन’ असतं! भावात मात्र दुप्पट फरक. म्हणून एकदाच नीट विचारते:

1. या नावांतला फरक हाताला आणि डोळ्याला कसा कळतो?
2. छाती 38, उंची 42, पाऊण बाही अशा सरळ कुर्त्याला कापड किती घ्यायचं? दर दुकानात वेगळा आकडा सांगतात.
3. शिवण्याआधी काय भिजवायचं आणि काय नाही? रंग जाऊ नये म्हणून मीठ घालायचं का?
4. रेयॉनच्या घेरदार कुर्त्याची खालची कड दोन दिवसांत वरखाली का होते?
5. खणाच्या ब्लाउजला अस्तर कोणतं?

ब्रँड नकोत, ओळखायच्या खुणा सांगा.

---

उभाआडवा

ताई, दुकानातलं नाव हे एकाच गोष्टीचं नाव नसतं, तिथेच घोळ होतो. प्रत्येक कापडाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे. धागा कशाचा आहे? वीण कोणती आहे? वजन किती आहे? कॉटन, रेशीम, लिनन, पॉलिएस्टर, रेयॉन ही धाग्याची नावं. सॅटिन, ट्विल, पॉपलीन, जॉर्जेट ही विणीची किंवा बनावटीची. त्यामुळे ‘सॅटिन हवंय’ एवढंच म्हटलं तर पॉलिएस्टरचं सुळसुळीतही मिळेल आणि सुतीही मिळेल, आणि दुकानदाराचं दोन्ही वेळा खरंच असेल.

आता तुमची यादी.

मलमल: साधी वीण, बारीक धागा, विरळ. तळहातावर पसरून धरलं तर हाताच्या रेषा दिसतात. उन्हाळी कुर्ता, दुपट्टा, बाळाची झबली. कुर्ता केला तर अस्तर लागतंच.

केंब्रिक: हीसुद्धा साधीच वीण, पण उभे आणि आडवे धागे जवळपास सारख्या संख्येनं आणि दाट. बाजारात ‘साठ-साठ’ म्हणतात ते यातलंच. उभा आणि आडवा दोन्ही धागा 60 नंबरचा. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. नव्या केंब्रिकवर रोलरनं दाबून आणलेली चकाकी असते, ती पहिल्या धुण्यात उतरते. ती बघून भाव देऊ नका.

पॉपलीन: उभे धागे आडव्यांपेक्षा बरेच जास्त, साधारण दुपटीच्या आसपास. म्हणून नखानं उभं खरवडलं की बारीक आडव्या रेघा जाणवतात. कडकपणा टिकतो, कडा तीक्ष्ण दाबल्या जातात. शर्ट, परकर, सलवार, कॉलर यांना उत्तम. चुण्यांच्या घेराला मात्र नको, फुगून उभं राहतं.

रूबिया टू बाय टू: उभ्यात आणि आडव्यात दोन्हीकडे दुहेरी पिळाचा धागा. कडेचा एक धागा ओढून काढा आणि पिळाच्या उलट दिशेनं फिरवा. त्याचे दोन पदर सुटले तर टू बाय टू. उभ्याचे सुटले आणि आडव्याचा एकेरीच निघाला तर ते टू बाय वन. भावातला अर्धा फरक इथेच असतो आणि ही तपासणी काउंटरवर उभ्या उभ्या करता येते.

चौदा केजी रेयॉन: 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) 100 मीटर कापड 14 किलो भरतं असा त्याचा व्यापारी हिशेब. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, त्यामुळे घाम शोषतो, थंड लागतो, पण स्वभाव कॉटनचा नाही. जड पडतो, ओघळतो.

लिनन: अळशीच्या खोडाचा धागा. मधेमधे जाड गाठीसारखे भाग दिसतात, पण तेवढ्यावर जाऊ नका. कॉटनमध्येही मुद्दाम असा जाड-बारीक धागा विणतात आणि ‘लिनन’ म्हणून विकतात. खरं लिनन हाताला गार लागतं आणि मुठीत दाबलं की टोकदार, ठाम सुरकुत्या राहतात.

वजनाचं गणित घरीही करता येतं. लहान तुकड्याचं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नीट येत नाही, म्हणून पूर्ण कापड तोलायचं. उदाहरणार्थ 2.5 मीटर, पन्हा 44 इंच म्हणजे 1.12 मीटर. क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर. वजन 308 ग्रॅम भरलं तर 308 ÷ 2.8 = 110, म्हणजे 110 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). ढोबळ मानानं 60-70 म्हणजे पातळ, 100-130 म्हणजे कुर्ता-शर्टाचं, 200 च्या वर पँट-पिशव्यांचं, डेनिम 300 च्या वर.

एक गोष्ट मात्र वजनही लपवू शकतं. विरळ कापडाला भरपूर खळ चढवून जड आणि दाट भासवतात. कापडाची कड दोन्ही हातांनी अर्धा मिनिट चोळा. बोटांना पांढरी पूड लागली आणि चोळलेला भाग उजेडात जाळीदार दिसू लागला की ते कापड तिथेच ठेवून या.

---

कातरकाम

किती कापड याला एकच आकडा नसतो, कारण सगळं पन्ह्यावर अवलंबून. तुमचंच माप घेऊन सांगते.

पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी सुमारे 25 इंच रुंद (घेर आणि माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, धरून), लांबी 42 + 2.5 = 44.5 इंच. बाही 18 इंच लांब, मायेसह 19.5, रुंदी 16.

पन्हा 36: भागाशेजारी 11 इंच उरतात, 16 ची बाही बसत नाही. दोन लांब्या 89 इंच, त्याखाली दोन्ही बाह्या शेजारी शेजारी 19.5. एकूण 108.5 इंच म्हणजे 2.76 मीटर. आटायचं धरून 3 मीटर घ्या.

पन्हा 44: शेजारी 19 इंच उरतात, बाह्या त्यातच निघतात. 89 इंच म्हणजे 2.26 मीटर. घ्यायचं 2.4 ते 2.5.

पन्हा 58: दोन्ही भाग शेजारी बसतात (50 इंच). 44.5 + 19.5 = 64 इंच, 1.63 मीटर. 1.75 पुरतं.

म्हणजे 58 पन्ह्याचं कापड मीटरला महाग वाटलं तरी कुर्त्याला बरेचदा स्वस्त पडतं. एकाच दिशेची नक्षी असेल, मोठी फुलं जुळवायची असतील किंवा चौकटी असतील तर नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाइतकं जास्त घ्या. मखमलीचंही तसंच, सगळे भाग एकाच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसते.

पन्हा दुकानात मोजून घ्या. गठ्ठ्यावर 44 लिहिलेलं असतं, काठ सोडून वापरायला 42-43 मिळतं.

आता उभ्या-आडव्या धाग्याबद्दल, कारण निम्मं बिघडतं ते इथे. उभा धागा काठाला समांतर. काठ नसलेला तुकडा असेल तर दोन्ही दिशांनी ओढून बघा, उभ्यात जवळपास ताण नसतो, आडव्यात थोडा असतो, तिरकं सगळ्यात जास्त. उजेडासमोर धरलं की फणीच्या (मागावरच्या कंगव्याच्या) बारीक समांतर रेषा दिसतात, त्याही उभ्याच.

दुकानदार कात्रीनं कापतो तेव्हा कड सरळ असेलच असं नाही. घरी आल्यावर एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. मग काठाला काठ जुळवून दुमडा. कोपरे जुळत नसतील तर कापड तिरकं गेलेलं आहे. सुती कापड ओलसर करून आखूड पडणाऱ्या कर्णाच्या दिशेनं ओढलं, की बरंचसं जागेवर येतं. पॉलिएस्टर येत नाही, ते कारखान्यातच उष्णतेनं पक्कं केलेलं असतं. छापील पॉलिएस्टरची चौकट काठाला काटकोनात नसेल तर ते घेऊच नका. तिरकं गेलेलं सुती कापड सरळ न करता तसंच कापून शिवलं तर दोन धुण्यांत कुर्त्याची बाजूची शिवण फिरून पोटावर येते.

---

दोरागुंडी

भिजवण्याबद्दल.

भिजवायचं: सगळं सुती, रेयॉन, लिनन, सुती अस्तर, परकराची नाडी, सुती लेस, आतला कॅनव्हास. शेवटच्या तीन गोष्टी लोक हमखास विसरतात.

भिजवायचं नाही: रेशीम, जरीचं कापड, मखमल. पॉलिएस्टर आटतच नाही, पण खळ जाण्यासाठी एकदा धुतलं तर सुई नीट चालते.

कृती अगदी साधी. कापलेल्या दोन्ही कडांवर आधी झिगझॅग किंवा मोठा धावदोरा घाला, नाहीतर धाग्यांचा गुंता होतो. साध्या पाण्यात 3-4 तास ठेवा, पिळू नका, सावलीत काठानं वाळत घाला. किंचित ओलं असताना उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री. पुढे कपडा मशीनमध्ये कोमट पाण्यानं धुणार असाल तर कापडही तसंच धुवा. थंड पाण्यात भिजवलेलं कापड कोमट पाण्यात पुन्हा आटतं.

किती आटेल हे बघायचं तर कोपऱ्यात 25 × 25 सेंमीचा चौकोन आखून ठेवा. भिजवून वाळल्यावर उभ्यात 24 भरला तर 4 टक्के. कॉटनला 3 ते 5 टक्के नेहमीचंच, रेयॉनला त्याहून जास्त धरा.

मीठ: घालू नका, त्यानं काही होत नाही. कॉटनच्या आजच्या बहुतेक रंगांत मीठ रंगवताना लागतं, रंग धाग्यापर्यंत ढकलायला. पक्का होतो तो अल्कलीनं, तेही त्याच वेळी. रंगून आलेल्या कापडाला घरी मिठाच्या पाण्यात बुडवलं की फक्त मीठ वाया. न चिकटलेला जादा रंग असेल तो धुवूनच काढावा लागतो, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तपासायला ओलं पांढरं फडकं कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उठला तर गडद-फिकं एकत्र शिवू नका. निळीचं (इंडिगोचं) कापड तर घासूनही थोडा रंग सोडतं, पांढऱ्या पायपिनला (कडेच्या बारीक गोटाला) तिथे सरळ नाही म्हणा.

आणि अस्तर! ब्लाउज धुतल्यावर आत अस्तर आखडून वरचं कापड फुगतं, त्यात शिवणाऱ्याचा दोष नसतो, न भिजवलेल्या अस्तराचा असतो.

---

कापडगंज_पुणे

वरच्या प्रतिसादांना +1. ‘प्युअर कॉटन’चा प्रश्न राहिला, म्हणून जाळून बघण्याबद्दल.

कडेचे पाच-सहा धागे पिळून चिमट्यात धरा, खाली स्टीलच्या ताटलीत पाणी, पंखा बंद. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा, कारण उभा कॉटन आणि आडवा पॉलिएस्टर अशी कापडं सर्रास असतात.

कॉटन, लिनन, रेयॉन: लगेच पेटतात, कागद जळल्याचा वास, मऊ करडी राख. रेशीम आणि लोकर: मंद जळतात, ज्योत काढली की बहुधा विझतात, केस जळल्याचा वास, बोटांनी चुरडणारी काळी गोळी. पॉलिएस्टर: आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर, थंड झाल्यावर न फुटणारा कडक मणी. राखेत कडक खडे लागले तर मिश्रण.

पण कॉटन की रेयॉन हे यातून कळत नाही, दोन्ही सारखेच जळतात. त्याला वेगळी युक्ती: एक धागा मधोमध ओला करून ओढा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतो. कॉटन ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, ते कोरड्या जागी तुटेल. याच कारणानं रेयॉनचे कपडे पिळून धुवायचे नसतात.

रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा. आणि पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मंगळदास मार्केटात फिरणार असाल तर पहिल्या फेरीत काही घेऊ नका, नमुन्यापुरती कात्रणं मागा. वहीत चिकटवून शेजारी नाव, पन्हा, भाव लिहा. निम्मं कात्रण धुवून परत चिकटवा. दहा-बारा पानं भरली की तुमच्या हाताला जे कळेल ते इथे कुणी लिहून सांगू शकणार नाही.

---

काठपदर

खणाबद्दल लिहिते.

पारंपरिक खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. आता त्याच नक्षीचं यंत्रमागाचं कापडही ‘खण’ म्हणूनच मिळतं आणि त्यात पॉलिएस्टर भरपूर. आधी वर सांगितलंय तसं धागा तपासा, कारण इस्त्रीचं तापमान त्यावर ठरतं.

पन्हा मोजल्याशिवाय ‘एक ब्लाउजपीस द्या’ म्हणू नका. हातमागाचा खण अरुंद असतो. काठ बाहीला हवा असेल तर दोन्ही बाह्या काठावरच बसवाव्या लागतात आणि पुढच्या-मागच्या भागाला उरलेलं पुरतं की नाही ते कागदी आकार मांडूनच बघायचं. लांब बाही किंवा मागे बंद गळा असेल तर 1 मीटरच्या खाली जाऊ नका.

उलट बाजू पाहिलीत तर बुट्ट्यांचे मोकळे धागे दिसतील. ते हुकात, बांगडीत अडकतात, म्हणून अस्तर हवंच. अस्तर पातळ सुती, केंब्रिकच्या जातीचं, भिजवलेलं. रूबिया अस्तर म्हणून जाड होतं, मुंढ्यात चार पदर जमून काखेत टोचतं. पॉलिएस्टर टॅफेटा आपल्या हवेत नकोच.

कापल्या कापल्या कड सुटायला लागते. म्हणून खण आणि अस्तर प्रत्येक भागाला आधी कडेपासून पाव इंचावर लांब टाक्यानं जोडून घ्यायचं, मगच टक्स (फिटिंगसाठी शिवलेल्या चुण्या). कडेची माया दोन्ही बाजूंना दीड इंच. एरवी जाड टक्सची घडी कापून उघडतात, इथे उघडू नका, दाबून बाजूला पाडा. गळ्याला खणाचीच तिरकी पट्टी जाड होते आणि विसविसते. रूबियाची किंवा साटीनची पट्टी घ्या, सव्वा इंच रुंद. नारळी बुट्टीची दिशा वर-खाली बघून घ्या, कापताना सगळे भाग एका तोंडानं.

इस्त्री मध्यम, उलट बाजूनं, मधे सुती फडकं.

---

शिकाऊ_शिंपीण

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! टू बाय टूचा धागा उसवून बघितला, घरात ‘टू बाय टू’ म्हणून आणलेले दोन तुकडे टू बाय वन निघाले. रेयॉनच्या कडेचं राहिलं. शिवाय रेयॉन आणि मलमल सुरुवातीलाच सुईखालच्या भोकात ओढलं जातं, आणि टीप चुणते. दोरा पॉलिएस्टर, सुई 14 नंबर.

---

कातरकाम

14 ची सुई जाड झाली. मलमल, शिफॉन, जॉर्जेटला 9. केंब्रिक, रूबिया, रेयॉनला 11. पॉपलीन, खण आणि अस्तर मिळून 14. डेनिम, जाड कॅनव्हासला 16 ते 18. टी-शर्टच्या फंद्यांच्या विणीच्या (होजिअरी) कापडाला बॉलपॉइंट, साधी सुई तिथे फंदे तोडते आणि टाके गाळते.

टाक्याची लांबी मलमलीला 1.5 ते 2 मिमी, कुर्त्याच्या कापडाला 2.5, डेनिमला 3 ते 3.5. पातळ कापडावर लांब टाका आणि वरचा दोरा घट्ट, यानंच चुणते. पॉलिएस्टर दोरा ताणून शिवला जातो आणि नंतर आखडतो. वरचा ताण थोडा सैल करा, बॉबिनही हळू भरा.

भोकात ओढलं जाऊ नये म्हणून दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून सुरुवात करा आणि कापडाखाली बटर पेपरची बोटभर पट्टी घाला, टीप झाल्यावर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कडेपासून अर्धा सेंमी आत सुई टेकवून आधी पुढे, मग मागे.

कापतानाच सुळसुळत असेल तर खळ द्या. 1 लिटर पाण्यात 2 चमचे साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत उकळा, गाळा, थंड झाल्यावर भिजवलेलं रेयॉन त्यात बुडवून सावलीत वाळवा. कापड कागदासारखं आखता येतं, शिवून झाल्यावर धुतलं की गेलं.

आता कड. घेराच्या कळीत (वर अरुंद, खाली रुंद तुकड्यात) मधला भाग उभ्या धाग्यावर असतो आणि बाजू तिरक्या. तिरका भाग रेयॉनच्या स्वतःच्या वजनानं लोंबतो, मधला लोंबत नाही. म्हणून खालची कड त्याच दिवशी दुमडायची नाही. खांदे, मुंढे, बाजू सगळं शिवून कुर्ता हँगरवर निदान एक रात्र, घेर मोठा असेल तर दोन दिवस टांगा. मग घालून उभं राहा आणि दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून पट्टीनं सारखं अंतर मोजून टाचण्या लावून घ्या. जादा कापून पाव इंचाची दुहेरी दुमड. रुंद दुमड गोल घेराला बसत नाही, पिळते.

खांद्याच्या शिवणीत आणि गळ्याला काठाची अर्ध्या सेंमीची पट्टी आत धरून टीप मारा, नाहीतर घेराच्या वजनानं गळाही खाली येतो.

---

दोरागुंडी

एक भर: टांगून ठेवायच्या कुर्त्याला अस्तर असेल तर अस्तर आणि वरचं कापड खाली जोडू नका. दोन्ही वेगवेगळं लोंबतं. अस्तराची कड वेगळी, वरच्यापेक्षा एक इंच आखूड. पॉलिएस्टर जॉर्जेटखाली सुती अस्तर घातलं तर वरचं कापड त्याला धरून बसतं, चालताना अडकतं. तिथे क्रेप किंवा सँटून (मऊ, चकचकीत अस्तराचं कापड) बरं. सँटून भिजवून घ्या, आटतं.